धागा : थळ घाट उतरायचा, नाणेघाट चढायचा – नाशिकहून जुन्या व्यापारी वाटेची सहल

गोदाकाठ
मंडळी नमस्कार. सातवाहन काळातल्या व्यापारी वाटेवर जाणकार माणूस सोबत घेऊन चार दिवसांची सहल आखतो आहे. सुरुवात नाशिक, शेवटही नाशिक. गट पंधरा-सोळा जणांचा, वयं चाळीस ते पासष्ट.

कच्चा आराखडा असा. पहिल्या दिवशी त्रिरश्मी म्हणजे आपली पांडवलेणी, दुपारी अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय. दुसऱ्या दिवशी कसारा घाट, म्हणजेच थळ घाट, उतरून शहापूर आणि पुढे मुरबाडच्या बाजूला मुक्काम. तिसऱ्या दिवशी वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायचा, रात्री जुन्नर. चौथ्या दिवशी जुन्नरची लेणी पाहून संगमनेर-सिन्नरमार्गे घरी.

कल्पना एवढीच की सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल देशावर कसा चढत होता, हे पायाखालच्या वाटेवरून कळावं. थळ घाटाने नाशिक, नाणेघाटाने जुन्नर आणि दोन्हीकडून पुढे पैठण. लेण्यांची नुसती दर्शन-यात्रा करायची नाही. तीन गोष्टी ठरत नाहीयेत : पांडवलेणीत कोणत्या क्रमाने जावं, सोपारा घ्यावं का आणि पैठण घ्यावं का?

लिपीकार
क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. सुरुवात लेणं क्र. १० पासून करा. ते सगळ्यात जुनं नाही, पण तुमच्या सहलीचा नकाशा तिथल्या भिंतीवर कोरलेला आहे.

व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, छताखाली, क्षहरात घराण्याचा राजा नहपान याचा जावई उषवदात याचा मोठा लेख आहे. दानांची यादी वाचत जा. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शोर्पारग या ठिकाणी चौसोपी धर्मशाळा, विहिरी, तळी. म्हणजे आजची नावं घेऊन भरूच, मंदसौर, नाशिक आणि सोपारा. पुढे इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट नावेची सोय आणि दोन्ही काठांवर निवारा व पाणपोई. पार आणि दमणगंगा तर आपल्याच जिल्ह्यातून निघतात. व्यापारी तांड्याला जे जे लागतं (मुक्काम, पाणी, नदी ओलांडायची सोय) ते एका लेखात एकाच माणसाने बांधून दिलेलं सापडतं. हा लेख गटाला उभं राहून पूर्ण वाचून दाखवा, मराठी अर्थासकट. वीस मिनिटं जातात, जाऊ द्या.

मग त्याच व्हरांड्यात डाव्या टोकाच्या कोठडीच्या दारावरचा लेख. वर्ष ४२. उषवदाताने ३००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायम ठेव गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघटनांकडे, ठेवली. एका श्रेणीकडे २०००, महिना शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. आता गटालाच हिशोब करायला लावा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्याच्या मुक्कामाला) राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा, २४०. एक पैसा इकडे-तिकडे नाही. हे सगळं निगमसभेत वाचून, फलकावर नोंदवून पक्कं केल्याचंही लिहिलेलं आहे. नाशिकमध्ये तेव्हा विणकरांच्या किमान दोन संघटना होत्या, लोकांच्या ठेवी सांभाळण्याइतकी त्यांची पत होती आणि त्यांच्यात व्याजदर वेगळे होते. पेठ म्हणतात ती ही!

क्र. १० नंतर क्र. ३, मग १७, १८, १९. कारण पुढच्या प्रतिसादात सांगतो, हा लांबला.

रानजाई
लिपीकारदादा, हिशोबाची कल्पना छानच. पण शनिवार-रविवारी सकाळी डोंगरावर चालायला येणारे, कॉलेजची मुलं, दर्शनाला येणारे, सगळ्यांची गर्दी ३ आणि १० नंबरलाच असते. वीस मिनिटं व्हरांडा अडवून उभं राहिलं तर बाकीच्यांचा खोळंबा होतो आणि मागच्या रांगेला ऐकूही येत नाही. गोदाकाठ, पहिला दिवस आठवड्याच्या मधला ठेवा आणि दार उघडताच वर पोचा. पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत, साठीच्या माणसाने थांबत थांबत गेलं तरी पंचवीस मिनिटांत होतात. तिकीट फोनवर आधीच काढून ठेवा, खिडकीशी सोळा जणांचे सुटे पैसे मोजत बसू नका.

गटातल्या सगळ्यांना आदल्या रात्रीच निरोप द्या : अत्तर, सुगंधी तेल, भडक वासाचा स्प्रे नको. कड्याला आग्या मोहोळं असतात. खाली कोणी शेकोटी किंवा धूर केला असेल तर त्या दिवशी वर थांबूच नका. हेच जुन्नरच्या लेण्याद्री आणि मानमोडी या लेण्यांनाही लागू.

लिपीकार
ताई, मान्य. मधला वारच घ्यावा.

आता क्र. ३ का लगेच, ते. क्र. १० क्षहरातांचं, क्र. ३ त्यांना हरवणाऱ्या सातवाहनांचं. क्र. ३ च्या व्हरांड्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षाचा लेख आहे. त्यात मुलाचं वर्णन ‘खखरातवसनिरवसेसकर’, क्षहरात वंश निःशेष करणारा, असं येतं. आणि तिथेच गौतमीपुत्राची स्वतःची आज्ञापत्रंही आहेत. १८ व्या वर्षाचं पत्र गोवर्धनच्या अमात्य (राजाचा अधिकारी) विष्णुपालिताला : अपरकखडी गावातलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते त्रिरश्मीच्या भिक्खूंना द्या. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरं पत्र : ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती राहिली नाही, तेव्हा राजाच्या जमिनीतून १०० निवर्तनं द्या.

गाइडने इथे घाई करू नये. युद्ध झालं, राज्य बदललं, उषवदाताची जमीन खालसा झाली, गाव ओस पडलं आणि नव्या राजाला मठाची सोय पुन्हा लावावी लागली. हे सगळं दोन सरकारी पत्रांत आहे. लोक साधारणपणे व्हरांड्याखालच्या सहा गणांचे फोटो काढतात आणि पुढे जातात. ते गण खांद्यावर तुळया पेलून आहेत, सुंदर आहेत, फोटो काढाच. पण मान वर करून भिंतही बघा.

क्र. १९ लहानसं, सगळ्यात जुनं. कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या महामात्राने, म्हणजे बड्या अधिकाऱ्याने, केलेलं. क्र. १८ चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन), दारावर नासिककांचा उल्लेख आहे, आपल्या गावाचं नाव दगडात! क्र. १७ धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याचं : हा यवन (ग्रीक), उत्तरेकडचा, दात्तामित्री गावचा. परदेशी माणूस नाशिकला येऊन लेणं कोरवतो, तेव्हा वाट किती वाहती होती ते वेगळं सांगावं लागत नाही.

प्रकाशाबद्दल. लेण्यांची तोंडं मुख्यतः उत्तर-ईशान्येला, त्यामुळे आत ऊन थेट फार येत नाही. समोरून टॉर्च मारला की अक्षरं सपाट होऊन गायब होतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, प्रत्येक अक्षराच्या खोदीत सावली पडते आणि ओळ उठून दिसते. दोन टॉर्च पुरतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, पण दोन्ही एकदम लावायचे नाहीत. पाणी, खडू, पावडर, बोट काहीही अक्षरांवर नको. तिपाईवर कॅमेरा लावायचा तर पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते.

सिन्नरकर
गोदाकाठ, परतीच्या वाटेवर जोगलटेंभी घ्या. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर. सगळी नहपानाची आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे मारलेले. एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. खालून नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं डोकावतात. लिपीकारांनी सांगितलेली लढाई हातात मावणाऱ्या चांदीत दिसते.

गावात मात्र बघायला काही नाही, म्हणून तिथे उतरून अर्धा तास घालवू नका. गोदावरीचा काठ दाखवा, दहा मिनिटांत निघा. नाणं कसं असतं ते पहिल्या दिवशी अंजनेरीलाच दाखवून ठेवा. गट घेऊन जाणार असाल तर तिथे आधी फोन करून वेळ ठरवा, आयत्या वेळी सोळा जण दारात उभे राहिले तर कोणी नीट समजावून सांगू शकत नाही. नहपानाच्या नाण्यावर तीन लिप्या आहेत, ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी. ते भिंगातून दाखवायला सांगा, भिंग आपलं न्या.

पैठणकर_१२
मला आश्चर्य वाटतं की पैठणवर अजून प्रश्नचिन्ह आहे. वाट जिथे पोचते तेच गाळलं तर सहल अर्धवट. नागघाट, तिथलं बाळासाहेब पाटील संग्रहालय, शिवाय पुढे तेर. तेरला लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंताची मूर्ती आणि मातीच्या वस्तू पाहिल्याशिवाय रोमशी असलेला व्यापार कळतच नाही. पाचवा-सहावा दिवस वाढवा.

गोदाकाठ
पैठणकर, मुद्दा पटतो, पण सुट्ट्या चारच मिळतात सगळ्यांना.

लिपीकार
पैठणकरांशी मी निम्मा सहमत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात बॅरिगाझाहून, म्हणजे भरूचहून, पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे तेर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर, असं दिलं आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड, तेरहून कापड, गाडीवर लादून, रस्ता नसलेल्या मुलुखातून भरूचला. ती वाट वेगळी, तिची सहल वेगळी करावी. चार दिवसांत बंदर ते तेर बसवलं तर गाडीत बसण्याशिवाय काही होणार नाही.

त्याच ग्रंथातलं कल्याणबद्दलचं वाक्य मात्र तुमच्या दुसऱ्या दिवसासाठी हवंच. थोरल्या ‘सारगन’ राजाच्या काळात कल्याण रीतसर खुलं बंदर होतं, पुढे ‘संदनेस’च्या हाती गेल्यावर तिथे येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचकडे नेली जाऊ लागली. म्हणजे भांडण बंदराचं होतं. क्र. १० आणि क्र. ३ मधलं वैर समुद्रावरून घाटात चढलेलं आहे. हे कसाऱ्याच्या उतारावर, डावीकडे दरी उघडते तिथे गाडी कडेला लावून सांगा.

घाटवाटा
गाडी कडेला लावण्यावरून : ड्रायव्हरला आदल्या दिवशी स्पष्ट सांगा की समृद्धी महामार्ग नको, जुना मुंबई-आग्रा रस्ता हवा. जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून सगळे ड्रायव्हर समृद्धीनेच नेतात, बोगद्यातून सुमारे आठ किलोमीटर अंधारात जाऊन थेट खाली. घाट दिसतच नाही. न सांगता बसलात तर थळ घाट बघायला आलेली माणसं थळ घाटाच्या पोटातून निघून जातील. जुन्या घाटात वळणावर थांबू नका, अवजड गाड्या ब्रेक तापवत उतरत असतात. रुंद कठडा असलेली जागा ड्रायव्हरला विचारून निवडा. रेल्वेही इथूनच चढते, १८६५ पासून, ३७ ला १ चढ, मागून ढकलणारं बँकर इंजिन लावून. रेल्वे आणि महामार्ग दोन्ही याच खिंडीला का आले, त्याचं उत्तर घाटमाथ्यावर उभं राहिलं की डोळ्यांना कळतं. माथ्यावरचा त्रिंगलवाडी किल्लाही या वाटेची राखण करायलाच. वेळ असेल तर पायथ्याचं जैन लेणं दाखवा, किल्ला चढू नका.

सोपारा गाळा. कोकणात उतरूनही तिकडे जाऊन-येऊन सबंध दिवस वाहतुकीत जातो. नालासोपाऱ्याला बुरुड राजाच्या कोटात विटांचा स्तूप आहे, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला. पण स्तूपातल्या वस्तू मुंबईत आहेत. सोपारा आणि मुंबईची संग्रहालयं मिळून एक वेगळा रविवार करा.

आता नाणेघाट, तिथे चुका जास्त होतात. शहापूरहून किन्हवली-सरळगाव करून माळशेज रस्त्यावर या, मुक्काम टोकावडे-वैशाखरे पट्ट्यात. सकाळी साडेसहाला वाटेला लागा. वैशाखऱ्याच्या पुढे रस्त्यालगत नाणेघाटाची पाटी आहे, तिथून माथ्यापर्यंत चार-पाच किलोमीटर. पहिला टप्पा जंगलातून सपाट, शेवटचा नळीतून, म्हणजे अरुंद घळीतून, दगडी पायऱ्यांचा. या वयोगटाला तीन तास धरा, चार लागले तरी घाबरू नका. माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं एक लिटर वर पोचेपर्यंत राखून. वाटेत टाक्यांमध्ये पाणी असतं, ते हात-तोंड धुवायला.

गाडी तुमच्याबरोबर चढू शकत नाही, हे लक्षात ठेवा. ड्रायव्हरला माळशेज घाट चढून जुन्नरकडून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर यायचं आहे, दोन-अडीच तास. वर नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून भेटायची जागा आणि वेळ कागदावर लिहून द्या. ‘घाटघर’ एवढंच सांगितलं की तो गावात थांबतो आणि दमलेली माणसं अजून तीन किलोमीटर डांबरी रस्त्याने उन्हात चालतात. सामान सगळं गाडीत, पाठीवर फक्त पाणी, खाऊ, टोपी, टॉर्च. ज्याला गुडघ्याचा त्रास आहे त्याने गाडीतून माथ्यावर यावं, लेणं वरच्या तोंडाशी आहे, त्याचं काही चुकत नाही. उतरण्यापेक्षा चढणंच बरं, कारण नळीतले दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि उतरताना पाय सटकतो.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला अफाट गर्दी, निसरडं आणि माळशेजला दरडी. प्रशासन अधूनमधून बंदीही घालतं. अभ्यासाच्या सहलीला तो काळ नाहीच.

रानजाई
वर जेवणाची सोय घाटघरला घरगुती होते, पण आदल्या संध्याकाळी आकडा कळवावा लागतो. भाकरी, पिठलं, ठेचा, भात, कांदा. जेवण लेणं पाहून झाल्यावर ठेवा, आधी जेवलं की लेण्यात जांभया. बायकांसाठी शौचालयाचा विचार करूनच सकाळी निघा, माथ्यावर पोचेपर्यंत काही नाही.

लिपीकार
नाणेघाटाच्या लेण्याबद्दल. दोन बाजूच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा लेख, यज्ञांची आणि दक्षिणांची यादी : गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं. आकडे अंकांत कोरलेले आहेत. ब्राह्मी अंकांचा तक्ता छापून प्रत्येकाच्या हाती द्या आणि भिंतीवर ते शोधायला लावा. लिपी न येणाराही एक आकडा सापडला की गुंतून जातो. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता फक्त पायांच्या खुणा आणि वरची नावं राहिली आहेत : सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भायल वगैरे. घाटाच्या तोंडाशी, जिथून प्रत्येक बैल आणि प्रत्येक व्यापारी जाणार, तिथे राणीने ही सभा कोरून घेतली. ती जागा कुणाला दिसावी म्हणून निवडली, हे गटाला तिथेच विचारा.

बाहेरच्या दगडी रांजणाबद्दल एक विनंती. तो जकातीचा रांजण, असं सगळे गाइड छातीठोकपणे सांगतात. त्यावर लेख नाही. ‘जकात इथे टाकत, असं परंपरेने सांगतात’ इतकंच बोलावं. घाटात जकात घेतली जात असणार हे पटण्याजोगं आहे, पण भिंतीवरचं आणि तोंडी चालत आलेलं यांच्यात रेघ ओढलीच पाहिजे. तशी रेघ ओढणारा गाइड शोधा, मग बाकी सगळं आपोआप नीट होतं.

गोदाकाठ
लिपीकार, घाटवाटा, रानजाईताई, सिन्नरकर, पैठणकर, सगळ्यांचे मनापासून आभार. सोपारा आणि पैठण या खेपेला नाही, पांडवलेणी मंगळवारी. जुन्नरला चौथ्या दिवशी अर्धाच दिवस हातात आहे. लेण्याद्री की मानमोडी?

सिन्नरकर
दुपारी दोनपर्यंत जुन्नर सोडा. आळेफाटा-संगमनेर रस्त्यावर संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या असतात, हंगाम नेमका तुमच्याच महिन्यांत. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वकाळात ही सहल ठेवू नका, नाशिकमध्ये खोल्याही मिळणार नाहीत आणि गाड्याही.

घाटवाटा
लेण्याद्रीला अष्टविनायकाची गर्दी, तीनशेच्या आसपास पायऱ्या, माकडं. पण चैत्यगृह पाहण्यासारखंच. मानमोडी शांत आहे, वाट मात्र झुडपातून आणि पाट्या नाहीत, गावातला माणूस सोबत घ्या. बूट घोट्यापर्यंतचे हवेत, गवतात कुसळं असतात.

लिपीकार
तुमच्या विषयासाठी मानमोडी. तिथे नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे, पाण्याचं टाकं आणि मंडप दिल्याचा. पहिल्या दिवशी नाशिकला वर्ष ४२ वाचलेलं असतं, चौथ्या दिवशी जुन्नरला ४६. एकाच राज्याच्या दोन पेठा, चार वर्षांचं अंतर आणि मधला घाट तुम्ही स्वतः चढून आलेले. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांचीही दानं आहेत. नाशिकच्या इंद्राग्निदत्ताची आठवण तिथे करून द्या.

लेख उंचावर आणि झिजलेले आहेत, तेव्हा प्रत्येक लेखाचं देवनागरी लिप्यंतर मोठ्या टाइपात, एका पानावर एकच लेख, असं छापून न्या. एकूण सात पानं होतील : नाशिकचे चार, नाणेघाटाचे नाव-पट्टे आणि अंकतक्ता मिळून दोन, अयमाचं एक. प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, घामाने शाई पसरते. सगळी पानं पहिल्याच दिवशी वाटू नका, लोक हॉटेलवर विसरतात. ज्या दिवशीचं त्या दिवशी सकाळी गाडीतच द्या.